बुजरी कुत्री फॉस्टर घरातून आणताना: अंतर तिच्या हातात राहू द्या

प्रश्न थोडक्यात असा: "दोन वर्षांची एक कुत्री दत्तक घ्यायचा विचार आहे. अडीच महिन्यांपासून ती फॉस्टर घरात, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरतं सांभाळणाऱ्यांकडे आहे. तिथे ती खेळते, फॉस्टरच्या मांडीवर डोकं ठेवते, असे व्हिडिओ आम्ही पाहिले. पण भेटायला गेलो तेव्हा पाऊण तास सोफ्यामागून बाहेरच आली नाही. फॉस्टर म्हणतात, घरी नेलंत की होईल नीट. घरात आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी. दुसरा प्राणी नाही, पूर्वी कधी कुत्रा पाळलेला नाही. घ्यावी का? घेतली तर तयारी काय करायची? आणि नाव बदललं तर चालेल का?"

व्हिडिओतली ती खरी आहे आणि सोफ्यामागची तीही खरीच आहे. फॉस्टर काही खोटं सांगत नाहीत. फक्त व्हिडिओतली ती अडीच महिन्यांच्या ओळखीच्या खोल्या, ओळखीचे आवाज आणि ओळखीच्या माणसांच्या आधारावर उभी आहे. तुमच्या दारात उतरेल ती सोफ्यामागची. हे आधीच धरून चाललात तर पुढचं बरंच सोपं जाईल. नाहीतर चौथ्या दिवशी "तिथे तर ती खेळायची, मग आमचंच काय चुकतंय?" असं वाटायला लागतं. गेली सोळा वर्षं मी अशी कुत्री घरात ठेवून पुढच्या घरी पाठवते आहे, आणि हा चौथ्या दिवसाचा फोन मला जवळजवळ प्रत्येक बुजऱ्या कुत्र्यामागे येतो.

जागा बदलली की कुत्र्याचं शरीरसुद्धा बदलतं. 2019 मध्ये अमेरिकेतल्या बेघर कुत्र्यांच्या पाच निवाऱ्यांमधल्या 207 कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्यांना एक-दोन रात्री कुणाच्या तरी घरी राहायला पाठवलं आणि त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, मोजलं. घरी असताना ते उतरलं आणि निवाऱ्यात परतल्यावर पुन्हा होतं तिथे गेलं. तुमच्या हिच्या वाट्याला दोन रात्री नाही, अडीच महिने आलेत. त्या काळात तिच्याबद्दल जे जे कळलं ते सगळं फॉस्टरकडे आहे. ते नीट मागून घ्या.

"ती कशी आहे?" असं विचारू नका. उत्तर "खूप गोड आहे" एवढंच येतं. विचारा, की ती स्वतःहून जवळ कितव्या दिवशी आली आणि तेव्हा घरात कोण होतं. पहिल्यांदा माणसासमोर खाल्लं कधी? शी-शू कुठे करते, गवतावर की फरशीवर? लीश, म्हणजे फिरवायची दोरी, लावलेली असताना करते का? हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा, घालू देते, की घातलेलाच ठेवावा लागतो? गाडीत उलटी होते का? झाडू, छत्री, टोपी घातलेला माणूस, पडलेलं भांडं यांतल्या कशाला बिचकते? आणि बिचकल्यावर सावरायला किती वेळ लागतो? या शेवटच्या उत्तराला मी सगळ्यात जास्त किंमत देते. एखादं कुत्रं भांडं पडल्यावर पळतं आणि दोन मिनिटांत त्याच भांड्याला हुंगायला परत येतं. दुसरं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बाहेर येत नाही. दोघांनाही लोक "भित्रं" म्हणतात, पण ही दोन निराळी कामं आहेत. ती कधी गुरगुरली का, हेही विचारा आणि उत्तर हो आलं तर दचकू नका. गुरगुरणारं कुत्रं निदान सांगून टाकतं. गुरगुरण्याबद्दल ओरडा खाऊन गप्प बसायला शिकलेलं कुत्रं मला जास्त धोक्याचं वाटतं.

आता एक गोष्ट, जी तुम्ही लिहिलेली नाही आणि जिच्यावर माझं अर्धं उत्तर अवलंबून आहे: फॉस्टरच्या घरी दुसरं कुत्रं आहे का? बुजरी कुत्री पुष्कळदा माणसाकडे बघून धीट होत नाहीत, दुसऱ्या कुत्र्याकडे बघून होतात. तो माणसाजवळ गेला, त्याला खाऊ मिळाला, काही वाईट झालं नाही, मग ही त्याच्या मागून येते. व्हिडिओत माणसाबरोबरचा विश्वास दिसतो, पण त्याखाली टेकू दुसऱ्या कुत्र्याचा असतो. तुमच्या घरी तो टेकू नसेल. म्हणून फॉस्टरना एक विनंती करा. त्यांचं कुत्रं अर्धा तास बाहेर पाठवायचं आणि तेवढ्या वेळात ही काय करते त्याचा व्हिडिओ घ्यायचा. ती तरीही फॉस्टरजवळ आली, खाल्लं, हुंगत फिरली, तर फार चांगलं. कोपऱ्यात जाऊन अंग चोरून बसली, तर ती एकट्या कुत्र्याच्या घरात फार कष्टाने रुळेल. निव्वळ या एका कारणावरून मी चांगल्या, प्रेमळ घरांना नाही म्हटलेलं आहे. अशा वेळी शांत, वयाने थोडं मोठं कुत्रं असलेलं घर तिला शोधावं. हा टेकू द्यायला म्हणून तुम्ही घाईने दुसरं कुत्रं मात्र आणू नका. दोन अनोळखी जीव एकदम सांभाळताना कुणाकडेच नीट लक्ष जात नाही.

आणि एका भेटीवर निर्णय घेऊ नका. तीन-चार वेळा जा. जमिनीवर, तिच्याकडे तोंड न करता, कडेने बसा. तिच्याकडे बघायचं नाही, हाक मारायची नाही, हात पुढे करायचा नाही. फॉस्टरशी गप्पा मारा, अधूनमधून तिच्या दिशेने खाऊचा तुकडा टाका आणि पाऊण तासाने उठून घरी या. दोन दिवस अंगात घातलेला, न धुतलेला टी-शर्ट तिच्या अंथरुणाजवळ ठेवून या. पुढच्या भेटीला ती सोफ्याच्या कडेपर्यंत आली का, त्याच्या पुढच्या वेळी नाक बाहेर काढलं का, एवढंच बघायचं. एका भेटीत ती कुठे बसली यापेक्षा चार भेटींत ती किती सरकली हे जास्त सांगून जातं.

"हिला आधी कुणीतरी मारलं असणार" असं लोक लगेच म्हणतात. कधी ते खरं असतं. पण पुष्कळदा तिला कुणी मारलेलं नसतं; योग्य वयात तिला माणसंच भेटलेली नसतात. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंत त्याच्या मेंदूत "हे जगातलं नेहमीचं आहे" अशी यादी तयार होत असते. 1961 मध्ये अमेरिकेत बार हार्बर इथल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंच कुंपणाच्या मोकळ्या जागेत, माणसांपासून दूर पिल्लं वाढवली. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही, ती पुढे रानटी जनावरासारखी माणसाला बुजत राहिली. शिवाय भित्रेपणा काही अंशी रक्तातूनही येतो. आर्कान्सामध्ये पॉइंटर जातीच्या कुत्र्यांची एक भित्री वंशरेषा अभ्यासासाठी वाढवली होती आणि तिच्यातल्या पिल्लांचा बुजरेपणा चांगल्या हाताळणीनेही पुरता गेला नाही. हे सांगते ते तुम्हाला नाउमेद करायला नाही. "भरपूर प्रेम दिलं की सगळं पुसलं जाईल" या हिशोबाने घेऊ नका, एवढंच. गर्दीत शेपटी हलवत फिरणारं कुत्रं ती कदाचित कधीच होणार नाही. तुमच्या घरात, तुमच्या तिघांबरोबर निवांत लोळणारं कुत्रं मात्र ती होऊ शकते.

आता ते कसं व्हायचं. सगळ्या युक्त्या बाजूला ठेवल्या तर माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे: तुमच्यात आणि तिच्यात अंतर किती असावं हे तिने ठरवायचं. घाबरलेल्या जिवाला हवं असतं अंतर. ते मागितल्यावर मिळतं असा अनुभव आला, की तो ते कमी मागायला लागतो. आपण नेमकं उलट करतो. हातावर खाऊ घेऊन "ये, ये" करत बसतो. तिचं शरीर बघा त्या वेळी: मान पुढे ताणलेली, मागचे पाय मात्र मागेच, पळायच्या तयारीत. भुकेने ती येते, तुकडा उचलते आणि मग तिच्या लक्षात येतं की आपण नको तितके जवळ आलो. दचकून पळते. अशाने खाऊ आणि दचकणं यांची जोडी जमते, माणूस आणि आनंद यांची नाही.

त्याऐवजी तुकडा तिच्या पलीकडे टाका, तिच्या मागे. ती वळून जाईल, खाईल आणि तुमच्यापासून लांब गेल्यामुळे तिला हायसंही वाटेल. एकाच तुकड्यात दोन बक्षिसं. मग ती स्वतःच्या पायांनी परत येईल, थोडी जास्त जवळ. पुन्हा पलीकडे टाका. दिवसातून तीन-चार वेळा, दोन-दोन मिनिटं, बस्स. हे मी नवख्या घरांना दाखवते तेव्हा त्यांना वाटतं, आपण तिला हाकलतोय. आठ-दहा दिवसांनी तेच लोक सांगतात, ती पायाशी येऊन उभी राहते.

यामागचं तत्त्व जुनं आहे. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची भीती अशीच घालवली होती. मूल आवडीचं खात असताना ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणायचा आणि खाण्यात व्यत्यय येणार नाही इतकाच जवळ सरकवायचा. ससा घाईने जवळ आणला असता तर मुलाला खाणंही नकोसं झालं असतं. कुत्र्याच्या बाबतीत क्रमही सांभाळा: आधी तुम्ही दिसायचं, मग खाऊ यायचा. आधी खाऊ आणि मागून हार्नेस असं चार वेळा झालं, की खाऊचं पाकीट वाजलं तरी ती पलंगाखाली जाते.

"घाबरल्यावर जवळ घेऊ नका, भीती वाढते" हा सल्लाही तुम्हाला मिळेल. तो विसरा. भीती ही काही शाबासकी दिल्याने वाढणारी करामत नाही. ती स्वतःहून तुमच्या आडोशाला आली तर बसू द्या, हळू बोला, हात फिरवा. फक्त ती आडोशाला गेली असेल तर तिथून तिला ओढून काढू नका.

आता सुरक्षेबद्दल. इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण बाकीच्या चुका दुरुस्त होतात, ही कधीकधी होत नाही. बुजरं कुत्रं हरवायचा सगळ्यात मोठा धोका नव्या घरातल्या पहिल्या दिवसांत असतो. तिला ते घर आपलं वाटत नसतं, त्यामुळे पळाली तर परत यायला तिच्याकडे ठिकाणच नसतं.

माझ्याकडे चिंगी नावाची एक होती, काळी, सडपातळ. तिसऱ्या दिवशी दाराची बेल वाजली. मी अर्धवट लक्षात दार उघडलं आणि ती माझ्या पायांमधून बाहेर. मी काय केलं? इतकी वर्षं दुसऱ्यांना जे करू नका म्हणून सांगत आले तेच: तिचं नाव ओरडत मागे धावले. ती चार दिवस सापडली नाही. शेवटी ती जिथे रात्री दिसायची तिथे रोज ठरलेल्या वेळी जेवण आणि तिची न धुतलेली चादर ठेवली, माझं म्हातारं शांत कुत्रं घेऊन जरा लांब पाठमोरी बसले, आणि चौथ्या रात्री ती त्याच्या मागे आली. तेव्हापासून माझ्या घरात कुत्री आणि रस्ता यांच्यामध्ये नेहमी दोन दारं असतात. दुसरं दार नसेल तर लहान मुलांसाठी लावतात तसं जाळीचं फाटक लावा. हे ती यायच्या आधी.

पळालीच, तर पाठलाग नाही, हाका नाही. जिथे दिसली तिथेच खाली बसा, कडेने, खाऊ टाकत. आसपासच्या लोकांना "दिसली तर पकडू नका, फक्त फोन करा" असं सांगा. जीव मुठीत धरून पळणारं कुत्रं आपल्या माणसालाही ओळखत नाही आणि चार जण पकडायला धावले की तो भाग सोडून जातं.

साधा पट्टा तिच्यासाठी निरुपयोगी आहे. घाबरलेलं कुत्रं मागे सरकतं, मान खाली घालतं आणि दोन सेकंदांत पट्टा तुमच्या हातात लोंबकळत राहतो. दोन पट्ट्यांच्या हार्नेसमधूनही तसंच निघतं. तीन पट्ट्यांचा घ्या, ज्याचा शेवटचा पट्टा बरगड्यांच्या मागे, पोटाच्या निमुळत्या भागावर बसतो. त्याच्या जोडीला मार्टिंगेल कॉलर, म्हणजे ओढल्यावर ठरलेल्या मर्यादेपर्यंतच आवळणारा पट्टा. दोन्हींना वेगळी लीश, एक हातात आणि एक कमरेला. हे सगळं फॉस्टरच्या घरीच, न्यायच्या आठवडाभर आधी बसवून घ्या. अनोळखी माणसाने गाडीत बसवताना अंगावर चढवायची ही गोष्ट नाही. फोन नंबर कोरलेला बिल्ला त्याच दिवशी अडकवा. मायक्रोचिप असेल तर तिचा 15 अंकी नंबर तुमच्या नावावर नोंदवून घ्या. चिप कुत्रं कुठे आहे ते सांगत नाही, ती नुसता नंबर आहे. त्यामागे जुनाच फोन नोंदलेला असेल तर काही उपयोग नाही. गाडीचं दार उघडायच्या आधी लीश हातात आहे का, हे दोघांनी बघायचं. एकाने नाही, दोघांनी.

घरात तिला एक कोपरा द्या, पाठीला भिंत असलेला, वर्दळीच्या कडेला. अगदी मागच्या खोलीत कोंडू नका, तिला लांबून तुम्हाला बघता आलं पाहिजे. उघड्या दाराचा क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, वर चादर, आत फॉस्टरकडची न धुतलेली गोधडी. तिथे असताना तिला कुणीही हात लावायचा नाही, तो तिचा किल्ला. उलट जिथून तुम्हाला तिला ओढून काढावं लागेल अशा जागा, म्हणजे पलंगाखालची, कपाटामागची, आधीच बंद करा. मी पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं आणि पलंग हलवायचा आवाज माझ्या एका कुत्र्याच्या मनातून कधीच गेला नाही.

पहिले तीन-चार दिवस कंटाळवाणे होऊ द्या. आंघोळ नाही, पाहुणे नाहीत, फिरायला नेणं नाही, तातडीचं कारण नसेल तर डॉक्टरही नाही. जेवण फॉस्टर देत होते तेच, त्याच वेळी. बदलायचं असेल तर पुढे सात ते दहा दिवसांत थोडं थोडं. पहिला दिवसभर ती कदाचित काही खाणार नाही. पुष्कळ जणी रात्री, सगळे झोपल्यावर खातात. खाणं एक दिवस लांबलं तर चालेल, पाणी मात्र प्यायलीय का ते बघा. शू कित्येक तास धरून ठेवतील. पूर्ण दिवस उलटला तरी केली नाही किंवा कुंथताना दिसली तर डॉक्टरांना फोन करा. घरात केली तर गुपचूप पुसा. रागावलात तर ती एवढंच शिकेल की तुमच्यासमोर करायची नाही, आणि मग बाहेर लीशवर करणं आणखी अवघड होऊन बसेल. पहिल्या काही रात्री तुमच्यापैकी एकाने त्याच खोलीत, जमिनीवर किंवा सोफ्यावर झोपावं. झोपलेला माणूस तिला निरखायला मिळतो, आणि झोपलेल्या माणसाइतका निरुपद्रवी माणूस दुसरा नाही.

तिला वाचायला शिका. ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, मान वळवणं, एक पाय उचलून धरणं, शेपटी पोटाखाली: हे सगळं "थोडं मागे व्हा" असं सांगणं आहे. फसवं असतं ते थिजणं. पाहुणे कुरवाळतात, ती हलत नाही, लोक म्हणतात, "किती शांत आहे!" ती शांत नाही, ती सुटायची आशा सोडून बसली आहे. 1967 मध्ये सेलिग्मन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके देऊन केलेल्या क्रूर प्रयोगात हेच दिसलं होतं. सुटता येत नाही हे एकदा शिकलेली बरीच कुत्री पुढे वाट मोकळी असतानाही पडून राहिली. उलट खरी प्रगती बऱ्याचदा खोडीसारखी दिसते. ती दाराकडे बघून भुंकते, मोजा पळवते, चप्पल कुरतडते. पहिला मोजा पळवला की मी फॉस्टरना फोटो पाठवते.

हात लावायचा तर तीन सेकंद, छातीवर किंवा मानेच्या बाजूला, डोक्यावरून कधीच नाही. मग हात मागे घ्या आणि बघा. ती टेकली, हाताखाली आली, तर पुन्हा. नुसती जागच्या जागी राहिली तर ते "नाही" समजा.

मुलीसाठी यात एक सुंदर काम आहे. खाऊ टाकणारी व्यक्ती ती. जवळ जायचं नाही, मिठी नाही, तोंडाजवळ तोंड नाही, आणि मोठं माणूस खोलीत असल्याशिवाय दोघी एकत्र नाहीत, हे नियम पक्के. पण रोज संध्याकाळी तिने खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून मोठ्याने गोष्टीचं पुस्तक वाचावं. एकसुरी, ओळखीचा, कुठलीही मागणी नसलेला आवाज. माझ्या पाहण्यात अशी मुलं घरातल्या मोठ्यांच्या आधी कुत्र्याची झाली आहेत. मैत्रिणींना महिनाभर बोलावू नका, हे तिला आत्ताच सांगून ठेवा, कारण तिला ते सगळ्यात जड जाणार आहे.

घरात कुणी नसण्याची सवयही लवकर सुरू करा, चौथ्या-पाचव्या दिवसापासून, एक मिनिट, मग तीन, मग दहा. पहिला आठवडा पूर्ण सुट्टी आणि सोमवारी एकदम नऊ तास कुलूप, असं नको.

फिरण्याबद्दल थोडक्यात: ती दारातून आपणहून बाहेर पडेपर्यंत नाही. तिला व्यायामाची नाही, झोपेची गरज आहे.

औषधांचं लोक शेवटी विचारतात, खरं तर आधी विचारायला हवं. चार-सहा आठवड्यांनंतरही ती दिवसाचा बहुतेक वेळ लपूनच असेल, किंवा तुमच्यासमोर खातच नसेल, तर डॉक्टरांशी बोला. आधी दुखणं तपासून घ्या. दात, कान, कंबर दुखत असलेलं कुत्रं स्पर्शाला बुजतं आणि आपण त्याला स्वभाव म्हणतो. मग फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनसारखी औषधं आहेत. ती गुंगीची नाहीत आणि पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. भीतीची पातळी इतकी उतरते की शिकायला जागा होते. औषध घेतलेलं कुत्रं "हरलेलं" नसतं. एसप्रोमाझिन हे एकच औषध भीतीवर कुणी सुचवलं तर मात्र दुसरं मत घ्या. त्याने शरीर ढिलं पडतं, आतली भीती तशीच राहते. आणि ट्रेनर शोधायची वेळ आली, तर "तुम्ही तिचे बॉस आहात हे दाखवा" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. कळपात एक मुख्य लांडगा बाकीच्यांवर हुकूम गाजवतो, या सिद्धांतातून हे आलंय; तो पसरवण्यात ज्यांचा हात होता त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच 1999 मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं.

किती दिवस लागतील? तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात. तो ठोकताळाच आहे, विज्ञान नाही. बुजऱ्या कुत्र्याला वर्षही लागतं. एक वही ठेवा, रोज एक ओळ: कुठे झोपली, कुणासमोर खाल्लं, बिचकल्यावर किती वेळात सावरली. आदल्या दिवसाशी तुलना करू नका, महिन्यापूर्वीच्या ओळीशी करा. मध्येच एखादा वाईट आठवडा येईल, बहुतेक पहिल्या छान दिवसाच्या पाठोपाठ. त्या दिवशी आपण खूश होऊन दोन पायऱ्या एकदम चढवलेल्या असतात.

तर घ्यावी का? दुसऱ्या कुत्र्याच्या टेकूशिवाय ती उभी राहते हे व्हिडिओत दिसलं, चार भेटींत ती थोडी सरकली, आणि तुमच्यापैकी कुणाला तरी पहिले दोन आठवडे घरी थांबता येत असेल, तर घ्या. पूर्वी कुत्रा पाळला नाही ही अडचण नाही. जुन्या सवयी मोडाव्या लागत नाहीत. घर सतत पाहुण्यांनी भरलेलं असेल, किंवा मुलीला मिठी मारायला कुत्रं हवं असेल, तर मी नाही म्हणेन आणि धीट स्वभावाचं दुसरं सुचवेन. फॉस्टरशी तीन-चार आठवडे चाचणी म्हणून ठेवायचं लेखी बोलून घ्या आणि जमलं नाही तर ती त्यांच्याकडेच परत जाईल, हेही त्यात असू द्या. परत देणाऱ्या घरांवर मी कधी रागावलेली नाही. गप्प राहून सहा महिने कुढणाऱ्यांवर रागावले आहे.

राहिलं नाव. बदला, तिला त्याचं काही वाटत नाही. फक्त जुनं नाव ऐकून ती वळत असेल, तर तुमच्या घरातल्या मोजक्या ओळखीच्या गोष्टींपैकी ते नाव एक आहे, म्हणून काही आठवडे दोन्ही वापरा: आधी नवं, लगेच जुनं, मग खाऊ. नवं नाव ओरडण्यासाठी, हार्नेससाठी, नखं कापायला बोलावण्यासाठी वापरू नका. मुलीला ठरवू दे, दोन अक्षरी. पण ती घरी यायच्या आधी ठरलं पाहिजे, म्हणजे फॉस्टर शेवटचे आठ-दहा दिवस तेच नाव घेऊन तिच्या पलीकडे खाऊ टाकतील.